होडीकडे बघा

आमचा मामा डोळे करायचा. असं सांगितलं की लोक आधी हसतात, मग गप्प होतात आणि शेवटी हळूच विचारतात, "म्हणजे खोटे?" मामाला हा शब्द आवडत नसे. "खोटं माणसं बोलतात," तो म्हणायचा. "माझे डोळे बिचारे बोलतच नाहीत." ज्यांचा एक डोळा आजारानं नाहीतर अपघातानं गेलेला असे, त्यांना मामा उरलेल्या डोळ्यासारखा दिसणारा दुसरा करून द्यायचा. त्यातून दिसत काही नसे. पण तो बसवला की समोरचा माणूस चटकन नजर वळवत नाही, एवढं त्यातून मिळायचं. हे एवढं म्हणजे किती, ते ज्याचा डोळा गेलाय त्यालाच विचारावं.

सायकलच्या दुकानावर त्याच्या दोन खोल्या होत्या. मागच्या खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, एक ताट आणि एक वाटी. आई त्याची थोरली बहीण. तिनं एकदा चिडून त्याला दुसरं ताट नेऊन दिलं. म्हणाली, "कुणी आलं तर असू दे." कुणी आलं नाही. मामानं त्या ताटात मेण वितळवायला सुरुवात केली. आई ते बघून जिन्यातच बसून रडली होती. मी तेव्हा लहान होते, मला वाटलं ती ताटासाठी रडतेय.

पुढची खोली कामाची. एका न्हाव्यानं दुकान बंद केलं तेव्हा त्याची वरखाली होणारी खुर्ची मामानं उचलून आणली होती. ती मोठ्या खिडकीशेजारी होती आणि तिच्यासमोर मामाचं बुटकं स्टूल. समोरच्या भिंतीवर, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, कुठल्याशा जुन्या कॅलेंडरचं चित्र चिकटवलेलं होतं. त्यात एक रिकामी होडी पाण्यावर होती, बाकी काही नाही. खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला मामा तेच सांगायचा, "होडीकडे बघा." कारण माणूस जवळ बघायला लागला की बाहुली आकसते. लांब बघताना ती मोकळी असते, तेव्हाच तिचं माप घ्यायचं.

बाहुली म्हणजे बुबुळाच्या मधला काळा ठिपका. त्याचं माप घ्यायला मामाकडे एक कार्ड होतं. कार्डावर बारीक-मोठे काळे ठिपके ओळीनं छापलेले. ते गालाजवळ धरायचं आणि कुठला ठिपका जिवंत बाहुलीएवढा आहे ते बघायचं. ठिपक्यांची खरी मापं काय होती कोण जाणे, आमच्या घरात त्यांना आईनं ठेवलेली नावं चालायची: खसखस, मोहरी, उडीद, मिरी. मामासुद्धा पुढं तसंच बोलायला लागला. "आजचा म्हातारा मोहरीवाला होता," वगैरे.

बाहुलीवरच सगळं काम अडलेलं असायचं. बुबुळाचा रंग तो थर चढवत चढवत जुळवायचा, पांढऱ्या भागावर शिरांसाठी लाल रेशमाचे तंतू चिकटवायचा, हे सगळं चुकलं तर खरवडून पुन्हा करता येई. पण मधला काळा ठिपका एकदा ठरला आणि त्यावर पारदर्शक थर बसला की संपलं. जिवंत बाहुली दिवसभर लहान-मोठी होत असते, मामाची बाहुली जन्मभर एकाच मापाची. म्हणून तो एका बैठकीत अनेकदा माप घ्यायचा, सकाळी, दुपारी, ढग आल्यावर, ढग गेल्यावर, आणि मधलं धरायचा. माझ्या आठवणीत त्याचं माप चुकलं ते एकदाच. त्याचीच ही गोष्ट आहे.

पण आधी बाबांचं सांगायला हवं. माझे बाबा कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे, आणि घरी आल्यावरही शिकवणं थांबवायचे नाहीत. रविवारी मामा आमच्याकडे जेवायला यायचा आणि हात धुवायच्या आधी दोघांचं जुंपायचं. बाबांचं म्हणणं, बघणारा वेगळा आणि डोळा वेगळा. डोळा जातो, रंग जातो, शरीर जातं, आत बसून बघणारा असतो तो आहे तसा राहतो. मामा भाताचा ढीग फोडत म्हणायचा, "भाऊजी, मी रोज आत डोकावतो. तुमचा तो बघणारा मला अजून भेटलेला नाही."

"तो असा दिसायचा नाही."

"बाहुली म्हणजे काय माहितेय का तुम्हाला? भोक. मी भोक रंगवतो. भोकात काय असतं? अंधार. ओला अंधार."

"मग माणूस म्हणजे काय रे तुझ्या मते?"

"सवयी. सगळ्या सवयी काढून घ्या, काय उरेल? कोट काढल्यावर खुंटी उरते तेवढं."

"खुंटी तरी उरली ना," बाबा विजयी चेहऱ्यानं म्हणायचे, आणि आई दोघांच्या ताटांत आमटी ओतून विषय बंद करायची.

मला तेव्हा मामाचं पटायचं. आता वाटतं, जो माणूस दिवसभर परक्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून त्यांच्या डोळ्यांत बघतो आणि रात्री एका ताटात जेवतो, त्याला आत कुणी नसतं असं म्हणणं सोयीचंच होतं. कुणी असतं म्हटलं की मग हाक मारावी लागते.

मी कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. बाबांचे विद्यार्थी घर भरून टाकायचे, म्हणून मी पुस्तकं घेऊन मामाकडे अभ्यासाला जायचे. कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचे आणि अभ्यास सोडून सगळं ऐकायचे. एके दिवशी एक बाई आल्या. पन्नाशीकडे झुकलेल्या, साध्या, डाव्या डोळ्यावर पट्टी. गाठ झाली होती म्हणून डॉक्टरांनी डोळा काढून टाकला होता. मामानं नेहमीप्रमाणे त्यांच्याकडे न बघता हात धुतले आणि विचारलं, "दुखतं का अजून?"

"आता नाही दुखत," बाई म्हणाल्या.

मामाचे हात नळाखाली तसेच राहिले. मग त्यानं वळून विचारलं, "फलाट क्रमांक चार?"

बाई हसल्या. "हो. मीच ती."

बाई बसस्थानकावर गाड्या पुकारायच्या. गावातला प्रत्येक माणूस तो आवाज ओळखायचा आणि चेहरा कुणालाच माहीत नव्हता. मामा दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलांत जायचा तेव्हा कित्येक वर्षं त्या आवाजानंच त्याला गाडीत बसवलेलं होतं. "एकदा तुम्ही माझी गाडी चुकवलीत," तो म्हणाला. "फलाट बदलला आणि सांगितलंच नाहीत."

"सांगितलं असणार. तुमचं लक्ष नसणार."

"माझं लक्ष होतं," मामा म्हणाला. आमच्या मामाला कुणाशी असं बोलताना मी ऐकलं नव्हतं. माझं तर पुस्तक मिटलंच.

डोळा करायला बऱ्याच बैठका लागल्या. नेहमीपेक्षा जास्त, हे मी सांगू शकते. आधी खोबणीचा साचा, मग मेणाचा नमुना, मग रंग. साचा घेताना पट्टी काढावी लागते, आणि पहिल्यांदा पट्टी काढताना लोक भिंतीकडे तोंड करतात. बाईंनीही केलं. तिसऱ्या-चौथ्या वेळी मात्र त्यांनी आल्या आल्या पट्टी काढून पर्समध्ये टाकली आणि बसस्थानकावरच्या गमती सांगायला लागल्या. घरी भाऊ-भावजयीकडे राहतात, त्यांच्यासमोर एकदाही पट्टी काढलेली नाही, असंही त्या बोलण्याच्या ओघात बोलून गेल्या. मामा बुबुळ रंगवत होता. त्यानं मान वर केली नाही, पण ब्रश थांबला होता.

माप त्यानं अनेकदा घेतलं. "होडीकडे बघा." कार्ड गालाशी. "उडीद," तो स्वतःशी पुटपुटायचा. सकाळी उडीद, दुपारी उडीद, ढग आले तेव्हा मिरीकडे झुकलेला उडीद. शेवटी त्यानं उडीदच धरला. डोळा बसवला, आरसा दिला. बाईंनी आरशात बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, "ही मीच आहे." मामानं आरसा परत घेऊन उगाचच पुसला.

थोड्याच दिवसांत त्या परत आल्या. "अहो, घरी भावजय म्हणते की एक डोळा घाबरल्यासारखा दिसतो. कामावरही दोघं-तिघं म्हणाले. हा मोठा वाटतो म्हणे."

मामानं त्यांना खुर्चीत बसवलं, होडी दाखवली, कार्ड धरलं. दोन्ही डोळे तंतोतंत जुळत होते. त्यानं आरसा दिला. "बघा तुम्हीच."

"जुळतोय की," बाई म्हणाल्या. "मग लोकांना काय झालंय?"

तेवढ्यात खालून सायकलवाल्यानं हाक मारली. मामाचा टेलिफोन त्याच्याच दुकानात यायचा. हॉस्पिटलमधून कुणीतरी होतं, मामा खाली गेला. मला त्या वयात कुठं गप्प बसवत होतं? मी कार्ड उचललं, बाईंना म्हटलं, "मी बघू? होडीकडे बघा," आणि मामाच्या स्टुलावर बसून अगदी त्याच्यासारखा चेहरा करून माप घेतलं. मोहरी. खोटा डोळा उडीद आणि खरा मोहरी. भावजयीचं बरोबर होतं, एक डोळा खरंच घाबरल्यासारखा दिसत होता. मी पुन्हा बघितलं. मोहरीच.

मामा वर आला. मी म्हटलं, "मामा, मोहरी आहे."

"हो, तुला कळतंय." त्यानं मला उठवलं, स्वतः बसला, कार्ड धरलं. "उडीद. बघ."

मी त्याच्या खांद्यावरून वाकून बघितलं. उडीद होता. खिडकी तीच, ऊन तेच, खुर्ची तीच. बाई होडीकडेच बघत होत्या, पापणीही हलवत नव्हत्या, फक्त कानाची पाळी लाल झाली होती. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या आयुष्यात असं फार कमी वेळा झालेलं आहे.

मामाला ते तिथल्या तिथं कळलं की संध्याकाळी, हे मला माहीत नाही. बाईंना तो एवढंच म्हणाला, "माझ्याकडून माप चुकलं. दुसरा करून देतो."

"जुळतोय तर राहू द्या की," बाई हळूच म्हणाल्या.

"नाही. तुम्हाला लोकांत वावरायचंय. लोकांच्या मापानं करायला हवा." आणि त्यानं मोहरीच्या मापाचा दुसरा डोळा केला. माप घ्यायला मला बसवलं आणि स्वतः मागच्या खोलीत जाऊन उभा राहिला. मी माप सांगितलं तेव्हा आतून फक्त "बरं" असं आलं.

पहिला डोळा त्यानं कापसात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवला. वाया गेलेले डोळे तो एरवी फोडून टाकायचा.

त्या रविवारी जेवताना मामानं आपणहून विषय काढला. "भाऊजी, समजा आत कुणी असेल. समजा. तर ते बाहेर कसं येतं?"

बाबांना इतका आनंद झाला की त्यांचं जेवण राहिलं. शरीर आणि आत्मा यांचा संबंध, मन म्हणजे दोघांमधला निरोप्या, असं काय काय ते बोलत राहिले. मामा ऐकत होता. शेवटी त्यानं विचारलं, "आणि ज्याचं आहे त्यालाच माहीत नसेल तर? निरोप तिसऱ्यानंच वाचला तर?"

"म्हणजे?" बाबा म्हणाले.

"काही नाही. भात वाढ गं," मामा आईला म्हणाला.

मी त्याला सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन तोंडावर विचारलं, "तू बोलणार आहेस का त्यांच्याशी?"

तो चकाकी द्यायच्या चाकावर कुणाचातरी डोळा घासत होता. चाक थांबवून म्हणाला, "त्यांनी मला काही सांगितलंय का?"

"डोळ्यानं सांगितलंय."

"त्यांनी नाही सांगितलं. जीव जडलेलं माणूस समोर आलं की बाहुली आपोआप मोठी होते, तिच्यावर कुणाचा ताबा नसतो. या खुर्चीत माणूस माझ्या हाती डोळा देतो, म्हणून मी त्याच्या घरात शिरायचं? दार उघडं दिसलं म्हणून?"

मला ते फार थोर वाटलं तेव्हा. पण पुढं माझा राग वाढतच गेला. आमचा मामा भित्रा होता, आणि भित्र्या माणसाला तत्त्व फार लवकर सापडतं. त्याला नकाराची भीती नव्हती, पुरावा तर त्याच्या हातात होता. त्याला होकाराचीच भीती होती. इतकी वर्षं आत कुणी नसतं असं म्हणत जगलेला माणूस. आत कुणी आहे म्हटल्यावर त्याच्या स्वतःच्या आतही कुणीतरी निघणार होतं, आणि त्याला किती वर्षं उपाशी ठेवलंय याचा जाब द्यावा लागणार होता.

असले डोळे वर्षातून एकदा घासून चकाकी द्यायला आणावे लागतात. बाई दरवर्षी यायच्या. डोळा काढून मामाच्या हातात द्यायच्या, आणि तो चाकावर काम करत असेपर्यंत पट्टी न लावता तशाच खुर्चीत बसून बोलत राहायच्या. नवीन गाड्या, जुने ड्रायव्हर, फलाटावर हरवलेली आणि सापडलेली माणसं. मामा डोळा धुऊन, पुसून, बसवून द्यायचा. मग कार्ड धरायचा. "होडीकडे बघा."

आणि दरवर्षी जुळायचा नाही. खोटा डोळा मोहरी, खरा उडीद. मामाच्या समोर, त्या खिडकीत, त्या खुर्चीत, दरवर्षी. तो कार्ड खाली ठेवून म्हणायचा, "बरोबर आहे." बाई म्हणायच्या, "बरोबर आहे ना? मग झालं तर." आणि जिना उतरून जायच्या.

त्या दिवशी संध्याकाळी मी गेले की मामा मला सांगायचा, "अजून उडीदच आहे." एवढंच. वर्षभराची भाजी-भाकरी मिळाल्यासारखा त्याचा चेहरा व्हायचा. मी म्हणायचे, "अरे मग बोल ना." तो म्हणायचा, "आता पुढच्या वर्षी बघू." जणू ती होडी भिंतीवरून कुठं जाणार नव्हती.

मधल्या काळात माझी शाळेतली नोकरी सुरू झाली, लग्न झालं, मूल झालं. एकदा आईला कुणीतरी सांगितलं की तुमचा भाऊ बसस्थानकावर बसलेला असतो, गाडी येते, जाते, तो चढत नाही. आईला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. मी तिला म्हटलं, "ऐकत असेल." काय ऐकत असेल ते तिला मी सांगितलं नाही. एकदा मी स्वतःच त्याला तिथं बघितलं. बाकाच्या टोकाला, गुडघ्यांवर हात ठेवून, पुढच्या गाडीचं नाव पुकारलं गेलं की मान किंचित वाकडी करून. शेजारच्या माणसानं विचारलं, "कुठं जायचंय?" मामा म्हणाला, "नाही, कुठं नाही." मला हाक मारवली नाही. मी तशीच परत फिरले आणि घरी येऊन नवऱ्याशी विनाकारण भांडले.

बाबा गेले. रविवार उरले, पण वाद घालायला कुणी उरलं नाही. मामा जेवायला यायचा, बाबांच्या रिकाम्या पाटाकडे बघून गुपचूप जेवायचा. एकदा म्हणाला, "भाऊजींचं म्हणणं बरोबर निघालं तर बरं होईल." मी विचारलं, "कशाबद्दल?" "तो आतला माणूस बदलत नाही म्हणायचे ना. आहे तसा राहतो." आणि मग जरा थांबून, "बघू."

शेवटच्या वेळी बाई आल्या तेव्हा मी योगायोगानं तिथं होते. आईनं दिलेला डबा घेऊन गेले होते. शाळेला सुट्टी, भर दुपार, खिडकीतून ऊन थेट मामाच्या टेबलापर्यंत आलेलं. बाई खुर्चीत होत्या. केस पांढरे झाले होते, आवाज तसाच. चकाकी देऊन झाली होती, मामा डोळा बसवत होता. मला बघून बाई म्हणाल्या, "बरं झालं तू भेटलीस. मी मामांना सांगत होते, मी या महिन्यात निवृत्त झाले. आता तिथं यंत्र बसवलंय, तेच बोलतं. मी जातेय पुतणीकडे, तिकडेच राहायला. तिकडेही कुणीतरी असेल म्हणा डोळे घासणारं."

"असतं की," मामा म्हणाला. "पत्ता देतो मी."

मी डबा टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता तरी. एक वाक्य. चांगलं नसलं तरी चालेल, अर्धवट असलं तरी चालेल. मी मुद्दाम मागच्या खोलीत गेले आणि तिथं उभी राहिले. दाराला कान लावायची गरज नव्हती, दार नव्हतंच, नुसता पडदा होता.

"होडीकडे बघा," मामा म्हणाला.

माप घ्यायला वेळ लागला. नेहमी लागतो त्याच्यापेक्षा किती तरी जास्त वेळ. पडद्याच्या फटीतून मला त्याची पाठ दिसत होती. त्यानं कार्ड खाली घेतलं, पुन्हा धरलं, पुन्हा खाली घेतलं.

"जुळला," तो म्हणाला.

दरवर्षी तो 'बरोबर आहे' म्हणायचा. हा शब्द वेगळा होता आणि त्या खोलीत त्याचा अर्थ न कळणारं कुणी नव्हतं.

"यंदा जुळला ना?" बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, रडणं नव्हतं. गाडी सुटली की सुटली असं सांगणारा तो आवाज होता. "मलाही वाटलंच होतं. घरून निघताना काही वाटलं नाही या वेळी. पूर्वी जिना चढताना धाप लागायची, जिना एवढा उंच नाही तरी."

मामा कार्डाची कड अंगठ्यानं पुसत राहिला.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," बाई म्हणाल्या. "हिनं मोहरी म्हटलं आणि तुम्ही उडीद म्हटलंत तेव्हाच. मी वाट बघितली हो. तुम्ही दुसरा डोळा केलात, मला वाटलं हेच तुमचं उत्तर. तरी येत राहिले. तुम्ही माझ्याकडे कार्ड धरून बसायचात, आणि मला सांगायचात होडीकडे बघा. मी काय होडीकडे बघत होते सगळा वेळ?"

त्या उठल्या. पर्स घेतली. मग मामाच्या चेहऱ्याजवळ वाकून त्यांनी, कार्ड नव्हतं म्हणून नुसतंच, निरखून बघितलं.

"तुमची मात्र अजून तेवढीच आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी होती तेवढीच. चांगली मिरीएवढी."

त्या तिथंच उभ्या राहिल्या. जाऊ शकत होत्या, गेल्या नाहीत. मी पडद्याआड मूठ आवळून उभी होते. मामानं त्यांच्याकडे बघितलं, मग खिडकीकडे बघितलं.

"आज उजेड कमी आहे," तो म्हणाला.

बाईंनी मान हलवली. "असेल," त्या म्हणाल्या, आणि जिना उतरून गेल्या. सायकलवाल्यानं त्यांना काहीतरी विचारलं, त्यांनी काहीतरी उत्तर दिलं. तो आवाज रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू येत होता असं मला वाटलं, पण ते शक्य नव्हतं.

मी बाहेर आले. त्याच्यावर ओरडायचं होतं मला. काय काय बोलायचं ते सगळं तोंडात तयार होतं. पण मामा स्टुलावरून उठून न्हाव्याच्या खुर्चीत बसलेला होता. इतक्या वर्षांत त्याला त्या खुर्चीत बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्याचे पाय खाली पुरत नव्हते.

"वयानं लहान होते रे बाहुली," मी म्हटलं. "सगळ्यांचीच होते. तूच सांगितलंयस मला."

"होते. हळूहळू होते. मागच्या वर्षी उडीद होता." त्यानं कार्ड माझ्यापुढं धरलं. "माझं घे."

"मामा, कशाला?"

"घे गं."

मी स्टुलावर बसले. त्याच्या गालाशी कार्ड धरलं. त्याचा गाल थंड होता. "होडीकडे बघ," मी म्हणाले. त्यानं बघितलं. इतक्या जवळून मी त्याच्या डोळ्यांत कधीच बघितलं नव्हतं, मीच काय, कुणीच बघितलं नसेल, एका माणसाशिवाय. मी एकदा माप घेतलं. मग पुन्हा घेतलं, काही फरक पडतो का म्हणून.

"किती?" त्यानं विचारलं.

"मोहरी."

तो होडीकडेच बघत राहिला.

"उजेड तोच आहे ना?"

"तोच आहे," मी म्हणाले.